पिंजऱ्याचं माप

पोपटासाठी पिंजरा करून मागायला आलेला माणूस आधी कोपऱ्याचं माप सांगतो. "फ्रिज आणि सोफ्याच्या मधे दीड फूट जागा आहे, त्यात बसला पाहिजे." मग रंग सांगतो. पडद्याला मॅच होईल असा सोनेरी, नाहीतर पांढरा. मग डिझाइन दाखवायला मोबाइल काढतो आणि त्यात हमखास घुमटाचा, वर टोक असलेला गोल पिंजरा असतो. पक्षी कुठला, केवढा, घरी आलाय की यायचाय, हे आपण विचारल्याशिवाय कळत नाही.

माझं मूळ काम ग्रिलचं. उधन्यात छोटं वर्कशॉप आहे. खिडक्यांची ग्रिल, गॅलरीची जाळी, जिन्याचं रेलिंग, टाकीचे स्टँड, एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यांना साड्या टांगायचे रॅक, हे सगळं वर्षभर चालू असतं. त्यातच पिंजऱ्यांची कामं येत गेली आणि आता पिंजरा करून देणं, घरी नेऊन बसवणं आणि बसवताना चार गोष्टी सांगणं हा धंद्याचा एक भागच झाला आहे. ग्रिल आणि पिंजरा यांत हत्यारं तीच लागतात, अँगल तोच, ग्राइंडर तोच. फरक एवढाच की ग्रिल लावून झालं की माझा त्या घराशी संबंध संपतो. पिंजरा लावल्यावर मात्र महिनाभराने फोन येतो. "भाऊ, हा पिसं उपटतोय." "भाऊ, खातच नाही." लोखंडाच्या कामात असे फोन येत नाहीत, म्हणून सुरुवातीला गंमत वाटायची. पुढे या फोनांमुळेच पिंजऱ्याकडे बघायची नजर बदलली.

आम्ही मूळचे अमळनेर तालुक्यातले. सुरतेच्या लिंबायत, डिंडोली, नवागाम, पांडेसरा या भागांत फिरलात तर जळगाव, धुळे, नंदुरबारचा माणूस घरोघर भेटेल. ताप्ती लाइनची गाडी पकडून लोक लूमवर कामाला आले आणि इथेच राहिले. दुकानाच्या पाट्या गुजरातीत, पण ओट्यावरच्या गप्पा अहिराणीत. गावाकडे पोपटाशी आमचं नातं गोफणीचं होतं. दादर ज्वारी दाण्यावर आली की माळ्यावर बसून पोपट हाकणं हे आम्हा पोरांचं काम. पोपटाचा थवा कणसावर उतरला की थोडं खातो आणि पुष्कळ खाली पाडतो. आमच्या आजोबांना पोपटाचा जेवढा राग होता तेवढा उंदराचाही नव्हता. त्याच घरांतली नातवंडं आता सुरतेत वन-बीएचकेमध्ये राहतात आणि वाढदिवसाला पोपट मागतात. कणसावरचा पोपट हाकायचा आणि कोपऱ्यातला पोसायचा, यात कुणाला काही विसंगत वाटत नाही. मलाही बरीच वर्षं वाटलं नव्हतं.

आता माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कुठला पोपट?

कारण हिरवा, लाल चोचीचा, गळ्यात कंठ असलेला आपला नेहमीचा पोपट घरी ठेवता येत नाही. खांद्यावर लाल पट्टा असलेला मोठा, ज्याला बाजारात पहाडी म्हणतात, तोही नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. २०२२ मध्ये त्यात दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि हे पोपट आता दुसऱ्या अनुसूचीत आहेत. पकडणं, विकणं, विकत घेणं, पिंजऱ्यात ठेवणं, सगळंच गुन्ह्यात येतं. हे सांगितलं की समोरचा हसतो. "भाऊ, आमच्या गल्लीत चार घरांत आहेत." असतील. हिवाळा सरता सरता झाडांच्या ढोल्यांतून पिल्लं काढली जातात आणि नीट डोळेही न उघडलेली पिल्लं टोपल्यांतून शहरात येतात. त्यांतली किती वाटेतच मरतात हे विकणारा सांगत नाही. जे जगतं त्याला घेणारा "मी वाचवलं" म्हणतो. आजोबांच्या गोफणीने पोपट उडून तरी जात होता.

तेव्हा हिरव्या पोपटाचा पिंजरा मी करत नाही. ज्यांच्याकडे तो आधीच आहे त्यांना वन खात्याकडे किंवा पक्षी वाचवणाऱ्या संस्थेकडे द्यायला सांगतो. घरात वाढलेला पक्षी गच्चीवरून उडवून देऊ नका, हेही सांगतो. त्याला दाणा कसा शोधायचा ते ठाऊक नसतं, मांजराची भीती नसते, आणि संध्याकाळपर्यंत तो कुणाच्या तरी गॅलरीत येऊन बसतो नाहीतर कावळ्यांच्या तावडीत सापडतो.

उरतात ते परदेशी. ज्यांना इथे सगळे लव्हबर्ड म्हणतात ते छोटे बजी, डोक्यावर तुरा असलेला कॉकाटिएल, कोन्युअर, आणि पैसेवाल्यांकडे आफ्रिकन ग्रे किंवा मकाव. यांतल्या ज्या जाती आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सायटिस यादीत आहेत त्यांची २०२४ च्या नियमांप्रमाणे सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. बजी आणि कॉकाटिएल त्या यादीत नाहीत, म्हणून साध्या घरांत तेच जास्त दिसतात. दोघेही मूळचे ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मुलखातले, पाणी आणि बी शोधत थव्याने लांब लांब उडणारे. माझ्याकडे येतात तेव्हा त्यांच्यासाठी दीड फुटाचा कोपरा मोजून ठेवलेला असतो.

पक्ष्याबद्दलचं पहिलं शहाणपण मला कुठल्या पेट शॉपमध्ये मिळालं नाही, उत्तरायणात मिळालं. सुरतेचा मांजा प्रसिद्ध. १४ जानेवारीला आकाश पतंगांनी भरतं आणि संध्याकाळपर्यंत कापलेल्या पंखांची कबुतरं, बगळे, आयबिस, पोपट खोक्यांतून येऊ लागतात. गुजरात सरकारचं करुणा अभियान त्याच दिवसांत चालतं, जागोजागी तंबू लागतात, डॉक्टर आणि कॉलेजची पोरं रात्रभर टाके घालत बसतात. अशाच एका तंबूसाठी जखमी पक्षी ठेवायच्या पेट्या करायच्या होत्या. मी विचारलं, चारी बाजूंनी जाळी ना? तिथल्या डॉक्टर बाई म्हणाल्या, "तीन बाजू बंद करा, दादा. घाबरलेल्याला चारी बाजूंनी दिसत राहणं हीच शिक्षा आहे. पाठीशी भिंत पाहिजे." तोवर पिंजरा म्हणजे पक्षी दिसण्याची सोय, असंच मी धरून चाललो होतो. तो पक्ष्याला लपण्याचीही सोय असतो, हे तिथे कळलं. गोल पिंजऱ्यात नेमकं हेच नसतं. पाठ टेकायला एक कोपरा नाही, सगळीकडून उघडं. घुमट वर निमुळता होतो, तिथे शेपटी अडकते आणि जिथे सळ्या एकत्र येतात तिथे बोट अडकतं. फोटोत छान दिसतो, बस.

त्याच बाईंनी जस्ताबद्दल सांगितलं. पोपटाची चोच म्हणजे त्याचा तिसरा पाय. चढताना तो चोचीने सळी धरतो, कंटाळला की चावतो, राग आला की चावतो. बाजारातले स्वस्त पिंजरे जीआय जाळीचे असतात, म्हणजे लोखंडावर जस्ताचा थर. सांध्यावर जस्ताचे थेंब गोठलेले असतात, दमट हवेत त्यावर पांढरी पूड येते. पक्षी ते कुरतडतो, कण पोटात जातात आणि विष हळूहळू चढतं. मरगळ, उलटी, हिरवट पातळ विष्ठा. घरचे म्हणतात, हवा बदलली. सुरतेची हवा तर दमट आहेच, जाळीवर पांढरी पूड यायला एक पावसाळा पुरतो.

सगळ्यात चांगलं ३०४ ग्रेडचं स्टेनलेस स्टील, आर्गन वेल्डिंग केलेलं. महाग पडतं. त्याखाली माइल्ड स्टीलवर चांगलं पावडर कोटिंग. छोट्या चोचीच्या पक्ष्याला ते चालतं, मोठा पोपट मात्र थर सोलून काढतो. आणि ज्याला जीआयच परवडतं त्याला मी सांगतो की नवा पिंजरा थेट वापरू नका. व्हिनेगर आणि काथ्याच्या ब्रशने सगळी जाळी घासा, धुवा, उन्हात वाळवा. धोका संपत नाही, कमी होतो. वेल्डिंगचे दाणे आणि तारेची टोकं आम्ही कानशीने साफ करतो. शेवटी डोळे मिटून सगळ्या सांध्यांवरून बोट फिरवायचं. डोळ्याला गुळगुळीत दिसलेली धार बोटाला सापडते. हे काम मी पोरांवर सोडत नाही.

सळ्यांमधलं अंतर हा दुसरा मुद्दा. बजी आणि कॉकाटिएलला अर्धा इंच. ग्रेला पाऊण ते एक इंच. अंतर जास्त झालं की पक्षी डोकं बाहेर काढतो आणि आत घेता येत नाही. दोन बाजूंना तरी सळ्या आडव्या हव्यात, कारण पोपट चढणारा पक्षी आहे. उभ्या सळीवर तो घसरतो. वर-खाली सरकणारं दार मी करत नाही. ते मानेवर पडतं. बिजागरीचं दार आणि बाहेरून फिरवून अडकवायची कडी. साधा खटका पोपट बघून बघून उघडायला शिकतो. ग्रेने कडी उघडल्याच्या तक्रारी घेऊन लोक येतात तेव्हा मला त्या पक्ष्याचं कौतुकच वाटतं.

आता माप. कॉकाटिएल शेपटीसकट जेमतेम फूटभर असतो. त्याच्याकडे बघून लोकांना दीड फुटाचा पिंजरा भरपूर वाटतो. पण पंख उघडले की तोच पक्षी या टोकापासून त्या टोकापर्यंत जवळजवळ दीड फूट होतो. म्हणजे फ्रिजशेजारच्या कोपऱ्यात त्याला पंख पुरते पसरता येतील इतकीच जागा, उडायला काहीच नाही. आणि पक्षी आडवा उडतो, सरळ वर नाही. म्हणून उंच, अरुंद पिंजऱ्याची वरची अर्धी जागा वाया जाते. मी लांबी मागतो. कॉकाटिएलला तीन फूट लांब, दोन फूट खोल. एका दांडीवरून निघून दोनदा पंख मारून दुसऱ्या दांडीवर बसता आलं पाहिजे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्यात असं म्हटलं आहे की ज्या पिंजऱ्यात प्राण्याला हालचालीला पुरेशी उंची, लांबी, रुंदी नाही त्यात त्याला ठेवणं हा गुन्हा. गुजरात उच्च न्यायालयाने तर २०११ साली पक्ष्यांना पिंजऱ्यात ठेवणं म्हणजे त्यांना बेकायदा डांबणं, त्यांना आकाशाचा हक्क आहे, असं म्हटलं. पिंजरे करून पोट भरणाऱ्या माणसाने हे वाचून काय करायचं? मी ते वर्तमानपत्रात वाचलं तेव्हा चहा गार होईपर्यंत बसून होतो. धंदा बंद केला नाही. पण त्यानंतर माप देताना गिऱ्हाइकाशी घासाघीस करायला लागलो, आणि ही घासाघीस पैशांची नसते, इंचांची असते.

मग दांड्या. तयार पिंजऱ्यात गुळगुळीत, एकाच जाडीच्या दोन प्लास्टिकच्या दांड्या येतात. पोपटाची दोन बोटं पुढे, दोन मागे. झाडावर तो दिवसभरात कधी जाड फांदी धरतो, कधी बारीक, कधी तिरकी. एकाच जाडीवर चोवीस तास बसला की वजन तळव्याच्या एकाच जागी पडतं आणि तिथे फोड येतो, तो चिघळतो. लूमवर बारा तास एकाच फरशीवर उभं राहणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही, त्याला टाचेचं दुखणं लगेच समजतं. मी दांड्या देतच नाही. पेरूची, कडुलिंबाची, बाभळीची फांदी आणा म्हणतो. सालीसकट, वेगवेगळ्या जाडीची, बोटांनी पूर्ण वेढा बसणार नाही इतकी तरी जाड. धुऊन, कडक उन्हात वाळवून. रस्त्याच्या दुभाजकांमधली कण्हेर मात्र चुकूनही नाही, ती विषारी. साल सोलण्यात पक्ष्याचे दिवसातले तास जातात आणि साल सोलायचा त्याचा खेळ कुठल्याही घंटी-आरशापेक्षा चांगला. एक फांदी उंच, मागच्या बाजूला, झोपायला. एक जेवणाजवळ. दाण्यापाण्याच्या वाटीवर फांदी नको, विष्ठा वाटीत पडते. झोपायच्या फांदीपासून मागची जाळी एवढी लांब हवी की शेपटी घासणार नाही. एवढं जमलं की पिंजरा तयार झाला.

पण बसवायचा कुठे, हा प्रश्न उरतोच. तो वर्कशॉपमध्ये सुटत नाही, घरी गेल्यावरच सुटतो.

डिंडोलीतल्या एका घरी मी कॉकाटिएलचा पिंजरा घेऊन गेलो होतो. मामाने भाचीला पक्षी भेट दिलेला. मुलगी सहावीत, ती त्याला कोको म्हणायची. आजी त्याला मिठू म्हणायची. वडील एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात रात्रपाळीला. आई घरीच साड्यांना लेसपट्टी आणि टिक्या लावण्याचं जॉबवर्क करायची. पक्षी पुठ्ठ्याच्या खोक्यात एका कोपऱ्यात अंग चोरून बसलेला, तुरा पार चपटा करून. कॉकाटिएलचा तुरा ताठ उभा राहिला की तो दचकलाय, आणि मागे चिकटला की घाबरलाय किंवा चिडलाय.

आजींनी जागा ठरवून ठेवली होती. "भाऊ, अठे खिडकीजोडे ठेव ना, त्याले वारा लागी." ती खिडकी स्वयंपाकघराची. शेगडीपासून चार हातांवर.

मी म्हटलं, "आजी, तवा कुठला वापरता?"

आईने नॉनस्टिक तवा दाखवला. भाकरीला लोखंडी, डोसा-पोळ्याला हा. रिकामा नॉनस्टिक तवा आचेवर विसरला आणि फार तापला की त्यातून जो वायू निघतो तो आपल्याला नीट जाणवतही नाही, पक्षी मात्र काही मिनिटांत मरतो. पक्ष्याची छाती आपल्यासारखी नसते. फुप्फुसांना जोडून हवेच्या पिशव्या असतात, हवा एकाच दिशेने सतत वाहत राहते, म्हणून श्वासातून ऑक्सिजन जास्त मिळतो आणि विषही जास्त मिळतं. उडण्यासाठी मिळालेलं हे शरीर बंद घरात त्याच्यावरच उलटतं. मी एवढं सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "धुराने हा आपल्याआधी जाईल, आजी." आजींनी शेगडीकडे बघितलं, मग पक्ष्याकडे, आणि म्हणाल्या, "मग अगरबत्ती?"

अगरबत्ती, धूप, मच्छर अगरबत्ती, रूम फ्रेशनर, सगळंच. देवघर हॉलमध्ये होतं. हॉल आधीच बाद झाला होता, कारण टीव्ही तिथेच आणि सुरतेत रात्री अकरा म्हणजे संध्याकाळ. पोपटाला दहा-बारा तास अंधाराची झोप लागते. ती मोडली की तो चिडका होतो, ओरडतो, पिसं उपटतो, आणि मला फोन येतो. उरली आतली खोली. तिथे आईचं जॉबवर्क. पसरलेल्या साड्या, गोंदाची बाटली, टिक्यांची पुडी, जरीच्या धाग्यांचे तुकडे. धागा पक्ष्याच्या बोटाला गुंडाळला की घट्ट होत जातो आणि रक्त थांबतं. धातूची टिकी चमकते, म्हणून तो आधी तीच उचलतो. गोंदाचा वास तर आहेच.

आई गप्प झाली. तिच्या घरात एवढीच जागा होती आणि त्या प्रत्येक जागेला काम ठरलेलं होतं. "दादा, मग हे काम कुठे करू? महिन्याचे पैसे यातूनच येतात."

हा प्रश्न खरा होता आणि त्याला पिंजऱ्याच्या कॅटलॉगमध्ये उत्तर नव्हतं. आम्ही सगळे खोलीत उभे राहून विचार करत होतो. शेवटी मुलीने सोडवलं. आईचं काम हॉलमध्ये दिवसा, टीव्ही बंद असताना. आतल्या खोलीत तिच्या अभ्यासाच्या टेबलाशेजारची भिंत पिंजऱ्याला. अगरबत्ती गॅलरीत तुळशीपाशी. हे शेवटचं आजींनी स्वतःच सुचवलं, आणि जरा नाराजीनेच. रात्रपाळीहून आलेले वडील सकाळी त्याच खोलीत झोपतात, तेव्हा सकाळी पक्ष्याने शीळ घातली तर काय, हा प्रश्न त्यांच्या गैरहजेरीत तसाच ठेवला गेला.

मी पिंजरा भिंतीला लावला. डोळ्यांच्या उंचीला, म्हणजे माणूस वरून झेप घालतोय असं पक्ष्याला वाटत नाही. मागे भिंत, एका बाजूला जुनी साडी टाकून आडोसा. थेट ऊन नाही, पण उजेड आहे. ट्रेमध्ये वर्तमानपत्र. रंगीत बारीक लाकडाचा भुसा नको म्हटलं, कागदावर विष्ठा दिसते आणि पक्ष्याची तब्येत तिच्यातून सगळ्यात आधी कळते. पोपट आजार लपवतो. थव्यात अशक्त दिसणारा शिकाऱ्याच्या नजरेत भरतो, म्हणून तो शेवटपर्यंत धडधाकट असल्याचं सोंग करतो. कागद आणि स्वयंपाकाचा छोटा वजनकाटा, या दोन गोष्टी खोटं बोलत नाहीत. कॉकाटिएलचं वजन साधारण ऐंशी ते शंभर ग्रॅम. रोज सकाळी एकाच वेळी करायचं आणि वहीत लिहायचं. मुलीने लगेच वही काढली.

दुकानातून आणलेलाच दाणा पहिले काही दिवस द्यायला सांगितला. राळा, बाजरी, थोडं सूर्यफूल. जागा आणि जेवण एकाच वेळी बदललं तर तो खाणंच सोडतो. पुढे हळूहळू कोथिंबीर, गाजर, शेवग्याचा पाला. नुसत्या बियांवर ठेवला की अ जीवनसत्त्व कमी पडतं. आजींनी विचारलं, "थोडी शेव देऊ?" सुरतेत राहून फरसाण नाही म्हणणं जड जातं, पण मीठ आणि तेल त्याला नको. चहात बुडवलेली खारी नको, चॉकलेट नको, अॅव्होकाडो तर विषच.

मग मी खोकं पिंजऱ्याच्या दाराला लावलं आणि सगळ्यांना मागे व्हायला सांगितलं. हाताने उचलून आत ठेवायचं नाही. त्याचं तो जाईल. पुष्कळ वेळ काही झालं नाही. मुलगी दर मिनिटाला माझ्याकडे बघत होती. मग खोक्यातून आधी चोच आली. तिने दाराची सळी धरली. एक पाय आला, त्याने चोचीशेजारची सळी धरली. मग थांबला. मग दुसरा पाय. जमिनीला न लागता, सळ्या धरत धरत, तो तिरका चढला आणि पेरूच्या फांदीवर गेला. तिथून मागे सरकत भिंतीशी जाऊन बसला. थोड्या वेळाने फांदीच्या सालीवर चोच घासली, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. आजी म्हणाल्या, "बसला." मी हत्यारं गोळा केली.

पुढे दोन-तीन दिवस हात घालू नकोस, नुसतं शेजारी बसून अभ्यास कर, असं मुलीला सांगितलं. रात्री अगदी मंद दिवा ठेवा, कारण कॉकाटिएल अंधारात अचानक आवाज झाला की घाबरून पंख आपटतो आणि रक्तबंबाळ होतो. लिंबायत-डिंडोलीच्या गणपतीत डीजे वाजतो तेव्हा हे हमखास होतं. घरात दुसरा पक्षी असेल तर नवीन आलेला महिना-दीड महिना वेगळ्या खोलीत. विष्ठा वाळून तिची पूड उडायच्या आत कागद बदला, तिच्यातून माणसालाही ताप येतो. हे सगळं मी प्रत्येक घरी सांगतो आणि लोक मान डोलावतात.

सगळ्यात कठीण गोष्ट मी शेवटी सांगायचो. तीन फुटांचा पिंजरा हा चांगला पिंजरा आहे, तरी तो झोपायची आणि जेवायची जागा आहे. राहायची जागा म्हणजे खोली. रोज निदान तासभर दार उघडून त्याला बाहेर सोडलं पाहिजे. त्यासाठी खिडकीला जाळी हवी. ती सुरतेत कबुतरांमुळे बहुतेक घरांना असतेच, नसली तर मी लावून देतो. आरशावर कापड टाका, पाण्याची बादली झाका. आणि पंखा बंद करा.

इथे गाडी अडते. मे महिन्यात सुरतेच्या वन-बीएचकेमध्ये छताचा पंखा बंद करणं म्हणजे काय, हे इथे राहणाऱ्यालाच कळेल. घाम वाळत नाही, फरशी ओली वाटते. पण फिरता पंखा आणि उडता पक्षी एका खोलीत ठेवता येत नाही. पाती दिसत नाहीत, पक्षी सरळ त्यात जातो. "हळू वेगावर ठेवला तर?" असं सगळे विचारतात. नाही. पूर्ण बंद. रोज. नुसतं आज नाही, पुढची पंधरा-वीस वर्षं, कारण कॉकाटिएल नीट ठेवला तर तेवढा जगतो. ग्रे घेणाऱ्याला चाळीस वर्षं म्हणून सांगतो. सहावीतली मुलगी तोवर सासरी गेलेली असेल, तेव्हा पंखा कोण बंद करणार, हेही विचारतो.

म्हणून आता मी माप घ्यायच्या आधीच, वर्कशॉपमध्येच हा प्रश्न टाकतो. काही जण ऑर्डर न देता परत जातात. एकजण रागावून म्हणाला, तुम्ही पिंजरा विकता की उपदेश? पिंजराच विकतो. पण पक्षी आणण्याआधी पंख्याच्या बटणाचा हिशेब ज्याने केला नाही त्याला कितीही मोठा पिंजरा दिला तरी तो कमीच पडणार, हे मी इतक्या घरांत बघितलंय की ॲडव्हान्स घेताना आता तो हिशेब आधी करून घेतो. डिंडोलीच्या त्या घरी मी विचारलं तेव्हा आई आणि आजी एकमेकींकडे बघत राहिल्या. उत्तर मुलीने दिलं: संध्याकाळी सहा ते सात, तेव्हा वारा असतो, आम्ही सगळे गॅलरीत बसू, आणि मी आत त्याच्याबरोबर. वेळ ठरली, जागा ठरली, कोण बसणार ते ठरलं. मग मी पावती केली.